मुलगी पाहणाऱ्या पुष्पाअक्का

राजूरच्या गणपतीला लोक नवस फेडायला येतात, चतुर्थीला येतात आणि मुलगी पाहायलाही येतात. हे तिसरं कारण कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही, पण भोकरदन, जाफ्राबाद, जालना अशा सगळ्या बाजूंच्या लोकांना ते सोयीचं पडतं. मुलीच्या घरी गेलं की पोहे आले, चहा आला, निघताना टॉवेल-टोपी आली आणि मग नाही म्हणायला जीभ जड होते. देवळात हे लचांड नाही. जमलं तर बाप्पानं जमवलं, फिसकटलं तर दर्शन तरी झालं. मात्र अशा वेळी मुलाकडून एक जाणती बाई बरोबर लागते. ही जाणती बाई कैक वर्षं एकच होती. देवळामागच्या गल्लीतल्या पुष्पाबाई, म्हणजे अख्ख्या गावाच्या अक्का.

अक्कांना ही विद्या कोणी शिकवली नव्हती. नवरा लवकर गेला, पदरी मूल नाही, राहायचं दिराच्या घरात. अशा बाईला चारचौघांत मान हवा असेल तर काहीतरी करून दाखवावं लागतं. कोणी पुरणपोळ्या नावाजण्यासारख्या करतं, कोणाच्या अंगात देवी येते. अक्कांना पुरण जमत नव्हतं आणि देवीनंही कधी विचारलं नाही. तेव्हा त्यांनी लोकांच्या पोरींमधल्या खोडी शोधायला घेतल्या, आणि त्यात त्या इतक्या पुढे गेल्या की मंठ्यापासून सिल्लोडपर्यंत ज्यांच्या घरात उपवर पोरगी होती त्यांना अक्का माहीत होत्या.

पद्धत ठरलेली. मुलीला उजेडाकडे तोंड करून बसवायचं. नाव विचारायचं, शिक्षण विचारायचं, उगाच पाणी आणायला पाठवायचं म्हणजे चाल कळते. आणि मग हनुवटी बघायची. नाक-डोळे कोणीही बघतं, अक्का म्हणायच्या, स्वभाव असतो जबड्यात. रुंद जबड्याची पोरगी सासूला जाब विचारते. हनुवटी आत गेलेली असली की रडकी. हनुवटीवर खळी असली की खर्चिक, हातात दिडकी टिकायची नाही. हे ज्ञान कुठून आलं, असं अक्कांना कोणी कधी विचारलं नाही. स्वतः अक्कांची हनुवटी मात्र सुरेख होती. निमुळती, नितळ, गोंदणाचा एक ठिपका मधोमध. बोलताना त्या ती किंचित वर उचलायच्या.

निकाल त्या तोंडावर सांगत नसत. तेवढी रीत त्यांना होती. "घरी विचार करून कळवतो" म्हणजे नाही. "पत्रिका बघू" म्हणजेही नाही. "पोरगी गुणाची आहे हो" म्हणजे तर बिलकुल नाही. जाता जाता मुलीच्या गालावरून हात फिरवून मायेनं एखादा सल्ला द्यायच्या. उन्हात जाऊ नकोस बाळा, आणखी काळी पडशील. मुलीची आई कसनुसं हसायची, मुलगी खाली बघायची, आणि अक्का समाधानानं चपला शोधायला लागायच्या.

दुसऱ्यांच्या पोरांसाठी एवढं, मग सख्ख्या पुतण्यासाठी किती! दीर धर्मराज आणि जाऊ उषाबाई यांचा एकुलता एक कल्याण अक्कांच्याच मांडीवर वाढलेला. बारदान्याच्या पिशवीला शोभेल असा त्याचा स्वभाव. ठेवला तिथे राहणार. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत नोकरी, रोज मोटारसायकलवर जाणं-येणं. देखणा म्हणाल तर गल्लीत असा दुसरा नाही. सुरुवातीला स्थळांची रीघ होती. अक्कांनी एकेक उडवून लावलं. ही बुटकी, तिचे कान मोठे, तिसरीचा जबडा रुंद. कल्याण प्रत्येक ठिकाणी दोन बशा पोहे खायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "अक्का म्हणतील तसं."

होता होता कल्याण चौतिशीला आला आणि स्थळं यायची थांबली. आता मुली कमी झाल्यात, असं सगळे सांगतात. कमी कशा झाल्या, हे सांगणाऱ्यांच्याच घरात विचारावं. पण तो विषय निघाला की लोकांना शेतावर कामं आठवतात. एकूण काय, पूर्वी मुलाकडचे जीप भरून मुलीकडे जायचे, आता मुलीकडचे जीप भरून मुलाकडे यायला लागले. घर बघतात, विहीर बघतात, संडासाच्या फरशीपर्यंत बघतात. अक्कांना हे युग आवडलं नव्हतं. आणि नेमक्या याच सुमाराला त्यांच्या गालाच्या आत फोड आला.

तंबाखूची मिश्री दात घासायला असते, असं मिश्री लावणारी प्रत्येक बाई सांगते. अक्का दात सकाळी घासायच्या, दुपारी जेवून घासायच्या, चहाच्या आधी घासायच्या आणि झोपताना घासायच्या. एवढे घासलेले दात जिल्ह्यात कोणाचे नसतील. फोडावर त्यांनी तुरटी लावली, लवंग दाबली, राजूरच्या मेडिकलमधून ट्यूब आणली. गाल सुजला तेव्हा धर्मराजानं त्यांना संभाजीनगरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, खालच्या जबड्याचा डावा भाग काढावा लागेल, त्या जागी पायातलं हाड बसवू.

"तोंड कसं दिसंल?" अक्कांनी विचारलं.

"तुम्ही जगाल," डॉक्टर म्हणाले.

"ते झालं हो. दिसंल कसं?"

डॉक्टरांनी धर्मराजाकडे पाहिलं. धर्मराजानं भिंतीकडे पाहिलं. अक्कांना कळलं. घरी विचार करून कळवतो म्हणणाऱ्या माणसाचं तोंड कसं होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

ऑपरेशन चांगलं झालं. पोटरीतलं हाड तोंडात बसलं, पुढे रेडिएशनचे शेकही झाले, रोग गेला. गावाला बातमी कळली आणि गावानं गावासारखंच केलं. पानटपरीवर कोणीतरी म्हणालं, अक्का आधी बोलून लाथा मारायच्या, आता पायच तोंडात बसवून घेतला. हा विनोद भोकरदनला जाऊन, थोडा मोठा होऊन परत आला. ज्यांच्या पोरी अक्कांनी नापास केल्या होत्या त्यांनी तो जास्त वेळा सांगितला, आणि त्यात त्यांची चूक होती असं मला तरी म्हणवत नाही.

चेहऱ्याचं म्हणाल तर डावा गाल आत बसला होता. हनुवटी डावीकडे ओढली गेली होती आणि गोंदणाचा ठिपका मधोमध न राहता बाजूला सरकला होता. ओठापासून मानेपर्यंत व्रण. ओठ नीट मिटत नसल्यानं लाळ यायची आणि प, फ, ब, म असलं काही बोलायला गेलं की नुसती हवा निघायची. पुष्पाबाईंना स्वतःचं नावसुद्धा धड सांगता येईना. डॉक्टर म्हणाले होते, आरशासमोर उभं राहून तोंडाचा व्यायाम करा, हळूहळू फरक पडेल. अक्कांनी घरी आल्या आल्या कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकला आणि भिंतीवरचा आरसा उतरवून पलंगाखाली सारला. त्यामुळे कल्याण दाढी अंगणात, मोटारसायकलच्या आरशात करू लागला.

मग बघायला येणारे सुरू झाले. आजाऱ्याला बघायला जायचं तर बिस्किटांचा पुडा न्यायचा, ही आपल्याकडची रीत. ज्या बाईला चावता येत नाही तिच्या घरात बिस्किटांचे पुडे रचले गेले. लोक यायचे, पलंगाशेजारी खुर्चीवर बसायचे, एकदा अक्कांच्या तोंडाकडे बघायचे आणि मग निघेपर्यंत पंख्याकडे बघायचे.

"लई काई दिसत न्हाई हो," एकीनं सांगितलं.

"जीव वाचला, दुसरं काय लागतं या वयात," दुसरी म्हणाली.

"मला तर आधीसारख्याच वाटून राह्यल्या," तिसरी दाराशी चपला घालताना म्हणाली, आणि चपला घालून झाल्या तरी मान वर करेना.

बाकी कुठली बाई या बोलण्यावर थोडी तरी सुखावली असती. अक्कांची पंचाईत ही, की या भाषेचं शिक्षण त्यांनीच गावाला दिलेलं. त्यांना एकेका वाक्यामागचा अर्थ लख्ख दिसायचा. लई काई दिसत नाही म्हणजे भयंकर दिसतं. पाहुणे गेले की त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या आणि रडायच्या. रडताना लाळ आणि पाणी एक व्हायचं, त्याची लाज वाटून आणखी रडू यायचं. कॅन्सर झाला तेव्हा त्या इतक्या रडल्या नव्हत्या.

हळूहळू त्यांनी युक्त्या काढल्या. पलंग असा फिरवून घेतला की दारातून येणाऱ्याला त्यांची उजवी बाजूच दिसावी. पदर डावीकडून ओढून खांद्याशी सेफ्टी पिननं टाचला. पूर्वी पदर दातात धरायच्या, आता धरणारे दात नव्हते. लग्नांना जाणं सोडलं. देवळात जाणं सोडलं. चतुर्थीच्या गर्दीत कोणी ना कोणी नातेवाईक घरात टपकायचा, म्हणून त्या दिवशी त्या सोयाबीनची पोती ठेवलेल्या मागच्या खोलीत जाऊन बसायच्या. दिराच्या संसारात वीस माणसांच्या देखत हुकूम सोडणारी बाई पोत्यांमागे तोंड लपवून बसते, हे बघून उषाबाईला वाईट वाटायचं. थोडं बरंही वाटायचं. आता स्वयंपाकघरातला डबा कुठे ठेवायचा हे तिचं ती ठरवत होती.

अशात मंठ्याहून स्थळ आलं. मुलगी तृप्ती, तिथल्या एका शाळेत मास्तरीण, तिशीला टेकलेली. तिचे चुलते रामप्रसाद आणि आत्या साळूबाई मुलीला घेऊन घर बघायला येणार होते. मुलगी स्वतः मुलाचं घर बघायला येणार, हे ऐकून जुन्या अक्का असत्या तर भिंत हादरली असती. आताच्या अक्कांनी एवढंच विचारलं, "मी कुठं बसू?"

धर्मराज घसा खाकरून म्हणाला, "वैनी, तुमाला गर्दीचा तरास व्हतो."

"इन्फेक्शन व्हईल अक्का," उषाबाई म्हणाली. "डॉक्टर म्हणले व्हते ना, धुळीत बसू नका."

धूळ घरात एकाच ठिकाणी होती, सोयाबीनच्या खोलीत. तिथे उषाबाईनं त्यांच्यासाठी स्वच्छ सतरंजी टाकून ठेवली होती. कल्याणनं एकदा अक्कांकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं, आणि तो केस विंचरायला अंगणात गेला. या पोरासाठी आपण जन्म घातला आणि तो एक शब्द बोलला नाही, हे अक्कांना टोचलं. पण त्यांना त्याचं लग्न व्हायला हवं होतं. आपलं तोंड बघून स्थळ मोडलं तर? घराण्यात रोग आहे असं त्यांनी धरलं तर? चौतीस वर्षांचा पोरगा जन्मभर तसाच राहील आणि कारण आपलं तोंड असेल. हा विचार मनात आला आणि त्या मुकाट्यानं पोत्यांमागे जाऊन बसल्या.

खोलीच्या दाराला फट होती. माणसाची सवय जात नाही. जीप थांबल्याचा आवाज आला तसा अक्कांनी फटीला डोळा लावला. साळूबाई पुढे आल्या, जाड भिंगाचा चष्मा, चाल ठणठणीत. ही बाई खोडी शोधणारी आहे, हे अक्कांनी पहिल्या नजरेत ओळखलं. मागून तृप्ती. उंच, सावळी, ओढणी नीट लावलेली. बोलताना तोंडावर हात धरायची तिला सवय दिसली. अक्कांनी हनुवटी बघायचा प्रयत्न केला, पण हातामुळे दिसेना.

कार्यक्रम सुरू झाला. साळूबाईंनी कल्याणला उजेडाकडे तोंड करून बसवलं.

"पानी आना बरं जरा," त्या म्हणाल्या. कल्याण उठला, पाणी घेऊन आला. साळूबाईंनी चष्मा वर करून त्याची चाल बघितली. आत पोत्यांमागे अक्कांना घाम फुटला.

"लग्नानंतर जालन्याला खोली कराल की इथूनच जाणं-येणं?" तृप्तीनं विचारलं.

"अक्का म्हणतील तसं," कल्याण म्हणाला.

"मी नोकरी चालू ठेवली तर?"

"अक्काला विचारावं लागंल."

"तुम्हाला काय वाटतं?"

कल्याणनं विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या पडल्या. मग म्हणाला, "मला काय, अक्का हो म्हणल्या की झालं."

"ह्या अक्का हायत कुठं पण?" रामप्रसादांनी विचारलं.

"पुण्याला," उषाबाई म्हणाली.

"नाशिकला," त्याच वेळी धर्मराज म्हणाला.

आधी ठरवून घ्यायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. पाहुण्यांसमोर फरशी पुसून ठेवली, दाराला तोरण लावलं, पोह्यांवर खोबरं भुरभुरलं, आणि खोटं मात्र तसंच कच्चं ठेवलं.

"एक बाई दोन गावाला कशी गेली?" रामप्रसाद म्हणाले.

"आधी पुणं, मंग नाशिक," धर्मराज म्हणाला. त्याला स्वतःलाही ते पटलेलं दिसलं नाही.

तृप्तीनं पोह्यांची बशी खाली ठेवली. "काका, चला निघू. मी अक्कांनाच बघायला आल्ते. त्या न्हाईत तर बसून काय उपयोग?"

साळूबाई लगेच उठल्या. "आपल्याला काय घाई न्हाई. त्या आल्यावर बघू. पत्रिका तवाच बघू."

पत्रिका हा शब्द ऐकला आणि अक्का उभ्या राहिल्या. बाहेर सगळं संपत होतं. कल्याण हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, उठून थांबवायचंही त्याला सुचत नव्हतं. बाहेर जावं तर हे तोंड सगळ्यांना दिसणार, दाराच्या उजेडात, जवळून, तेही साळूबाईंच्या चष्म्यातून. न जावं तर जीप निघणार. अक्कांनी पोत्याचा आधार घेतला. एका पायातलं हाड तर तोंडातच होतं. त्यांनी पदर आणखी पुढे ओढला, कडी काढली आणि त्या बाहेर आल्या.

बैठकीत दारासमोरची खुर्ची रिकामी होती. उठलेल्या तृप्तीची. अक्का तिच्यावर जाऊन बसल्या आणि पदर सुटला; पिन दाराच्या कडीला अडकून तिथेच राहिली होती.

रामप्रसादांनी कॅलेंडर वाचायला घेतलं. धर्मराज पोहे मोजल्यासारखा बशीत बघत राहिला. साळूबाईंनीसुद्धा, एवढा चष्मा असून, तो काढून पुसायला घेतला. तृप्ती तेवढी बघत होती. आधी तिची नजर कडक होती. मग ती हळूहळू मऊ पडली, आणि अक्कांना ते सगळ्यात वाईट वाटलं.

"तुम्हाला मी आठवत नसेन मावशी," तृप्ती म्हणाली. "इथंच, देवळात, भोकरदनच्या एका स्थळासाठी तुम्ही मला बघितलं होतं. मी बीएला होते. तुम्ही काहीतरी गमतीचं बोललात आणि मी हसले. तुम्ही माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणालात, बाळा, हसताना हिरड्या दिसतात तुझ्या, तोंडावर हात ठेवत जा, नाहीतर लोक नावं ठेवतील."

अक्का आठवू लागल्या. हिरड्या कितीतरी पोरींच्या दिसल्या होत्या. ही पोर आठवेना. आपल्याला जी आठवतसुद्धा नाही ती इतकी वर्षं आपलं वाक्य घेऊन फिरते आहे, हे त्यांच्या काळजात रुतलं.

"तेव्हापासनं हात ठेवते," तृप्ती म्हणाली. आत्ताही तिचा हात तोंडावर होता. "वर्गात पोरं हसतात, मी हात ठेवते. हे तुमचं घर आहे कळलं तेव्हा मीच काकांना म्हणाले, जाऊ. ठरवून आल्ते. पोहे खायचे आणि तुमच्या पुढ्यात नापसंत म्हणून उठायचं." ती थांबली. "पण जाऊ द्या आता. तुमचंच असं झालं. राहू द्या."

"राहू दे कशाला?" अक्का म्हणाल्या.

ऑपरेशननंतर इतक्या मोठ्यानं त्या पहिल्यांदाच बोलल्या. लाळ आली. त्यांनी ती पुसली नाही.

"तोंड वाकडं झालं म्हणून माफी व्हय? मी तीच हाय. एक हाड बदललं, बाकी सगळी तीच हाय. पिक्चर बघायला आल्यावानी बघू नको मला. काय बोलायचं ठरवून आल्तीस ते बोल."

"वैनी!" धर्मराज म्हणाला.

"तू गप. ती नाशिकला गेलेली बाई बोलून राह्यली."

तृप्तीनं एकदा साळूबाईंकडे पाहिलं. मग ती अक्कांसमोर येऊन उभी राहिली आणि बोलली. सुरुवातीला अडखळत, मग सरळ. आपल्या आईनं तीन दिवस जेवण केलं नव्हतं ते बोलली. कॉलेजच्या ग्रुप फोटोत आपण एकटीच ओठ आवळून कशा उभ्या आहोत ते बोलली. पोरीला भाजीसारखं उलटंपालटं करून बघायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, स्वतःला पोरगी असती तर, देवाच्या दारात बसून असलं करताना जिभेला काहीच कसं वाटलं नाही! कुठलाच शब्द तिनं राखून ठेवला नाही. बोलता बोलता तिचा तोंडावरचा हात कधी सुटला हे तिला कळलं नाही, कारण बोट दाखवायला हात लागत होता.

अक्का ऐकत होत्या. प्रत्येक शब्द लागत होता, आणि खरा होता. पण त्यांना दुसरंही काही जाणवत होतं, आणि ते कळून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एक माणूस त्यांच्या तोंडाकडे, सरळ, न हटता बघत होतं. पंखा नाही, भिंत नाही. रागानं का होईना, पण त्यांच्याशी बोलत होतं, त्यांच्या व्रणाशी नाही.

"चुकलं माझं," अक्का म्हणाल्या. त्यातल्या म ची हवाच झाली, पण तृप्तीला समजलं. "आता नापसंत म्हण आणि जा."

तृप्ती दम खात उभी होती. मग तिनं ओढणीनं कपाळ पुसलं.

"तुमच्यावरचा राग होता, तो गेला," ती म्हणाली. "तुमच्याशी भांडत राहायचं असतं तर आले असते या घरात. पण लग्न तुमच्याशी न्हाई ना करायचं." ती कल्याणकडे वळली. "मी ह्यांना इतकं विचारलं, सगळ्याला अक्का. तुम्ही आत त्या खोलीत होतात हे ह्यांना माहीत होतं ना? मग एकदाही म्हणाले न्हाईत, की आमच्या अक्का आत हायत, त्यांना बोलवा. म्हणून नापसंत. ह्यांना."

उषाबाई कळवळून अक्कांकडे बघू लागली. आता काहीतरी करा, अशी ती नजर. एवढ्या पोरी तुम्ही मोडीत काढल्या, आता ही एक तरी अडवा.

अक्कांनी मान हलवली. "बराबर हाय पोरीचं."

"अहो अक्का!"

"बराबर हाय. ह्याला असा मीच केला. पर तिनं का भोगावं?"

पाहुणे निघाले. मोठ्या बाईनं पाहुण्यांना गाडीपर्यंत पोचवायचं असतं. अक्का उठल्या, चपला घातल्या आणि निघाल्या. उषाबाई मागून पदर, पदर म्हणत होती. चतुर्थी नव्हती तरी गल्ली भरलेली होती. नारळवाला होता, हारवाली होती, ओट्यावर निवडत बसलेल्या बायका होत्या. त्यांनी अक्कांना पाहिलं, मग एकमेकींना पाहिलं. उजवी बाजू भिंतीकडे होती, डावी अख्ख्या गल्लीकडे, आणि वळायला जागा नव्हती. चार पावलं जड गेली, पुढची कमी जड गेली. साळूबाई शेजारून चालत होत्या.

"गिळता येतं का वं?" त्यांनी विचारलं. चष्मा लावून, तोंडाकडे नीट बघून.

"पातळ येतं."

"आमच्याकडं ज्वारीची आंबील करतेत. धाडून देईन."

जीपपाशी आल्यावर अक्कांनी मागे बघितलं. कल्याण आला होता, दहा हात मागे, खिशात हात घालून उभा. त्याचा चेहरा पडलेला होता. पोरगी त्याला आवडली होती, हे अक्कांना त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि त्यांचं काळीज तुटलं. त्या त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

"जा. गाडी सुरू व्हायच्या आत जा. तुझ्या तोंडानं काय असंल ते बोल तिला. माझं नाव काढू नको."

कल्याण दोन पावलं पुढे झाला. तृप्तीनं खिडकीची काच खाली केली आणि ती थांबली. ड्रायव्हरनंही किल्ली फिरवायची थांबवली. कल्याण वळून परत अक्कांजवळ आला.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "काय बोलू?"

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. उन्हाकडे तोंड करून तो उभा होता. नाक सरळ, कपाळ मोठं, जबडा रेखीव, हनुवटी अगदी पूर्वी अक्कांची होती तशी. मुली बघायच्या तसं त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याच्या चेहऱ्यात एकही खोड नव्हती. जीप सुरू झाली आणि जालन्याच्या रस्त्याला लागली.